पोलादी मनोरा आणि शून्य भाराची काठी

स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांना मी दर वर्षी पहिल्या तासाला एक प्रश्न विचारत आलो आहे. "चाळीस मीटर उंचीचा दूरसंचाराचा पोलादी मनोरा उभा करायचा आहे. त्याच्या पायाला सर्वांत मोठी भीती कशाची?" बरेच हात वर होतात आणि उत्तर बहुधा एकच येते, "वजनाची, सर."

उत्तर चुकते, पण ही चूक स्वाभाविक आहे. घराच्या भिंती, पुलाचे खांब, पाण्याच्या टाक्या यांना वजनच पेलायचे असते. मनोऱ्याचे तसे नाही. चाळीस मीटरच्या जाळीदार मनोऱ्यात फार तर सात टन पोलाद असते. माल भरलेला ट्रकसुद्धा त्याहून जड असतो. एवढेसे वजन चार पायांवर वाटून घ्यायला अभियंता कशाला हवा? मनोऱ्याचा खरा सामना वाऱ्याशी असतो. आणि त्या सामन्यात हिशेबाच्या तक्त्यावर ज्या काठीपुढे 'शून्य' लिहिलेले असते, तीच काठी कधी कधी सगळा मनोरा राखते. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. पटली मात्र एका मे महिन्यातल्या दुपारी. तिकडे येण्याआधी थोडा पाठ करावा लागेल.

उंची कशासाठी?

मायक्रोवेव्ह लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे दोन ठाण्यांच्या डिशांना एकमेकींचे तोंड दिसले पाहिजे. मनोऱ्याच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की सपाट प्रदेशात क्षितिज किती किलोमीटरवर येते ते साधारण कळते. चाळीस मीटरला हे अंतर सुमारे २६ किलोमीटर भरते. मध्ये डोंगर असेल तर तेही जमत नाही. म्हणून मनोरे डोंगरमाथ्यावर जातात. दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर चढला तो ह्याच कारणाने.

पॅरिसचा आयफेल मनोरा १८८९ साली पुरा झाला. तो घडीव लोखंडाचा आहे. त्याला परवाना वीसच वर्षांचा होता. पण एवढी उंची बिनतारी संदेशाला उपयोगी पडते असे दिसून आले आणि मनोरा वाचला. लोखंडी मनोरा आणि दूरसंचार यांची सोयरीक अशी जुनी आहे.

मात्र लहरींना जी जागा हवी, तीच वाऱ्याचीही आवडती जागा असते. डोंगराच्या माथ्यावर वारा आवळला जातो आणि त्याचा वेग वाढतो. मनोऱ्याच्या आराखड्यातील सर्व अडचणींचे मूळ येथे आहे.

वाऱ्याचे माप

भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात देशाचे वाऱ्याच्या वेगानुसार सहा विभाग केले आहेत. मूळ वेग सेकंदाला ३३, ३९, ४४, ४७, ५० आणि ५५ मीटर असे आहेत. बंगळूरला ३३, पुणे आणि पणजीला ३९, मुंबईला ४४, चेन्नईला ५० धरतात. हा वेग म्हणजे रोजचा वारा नव्हे. जमिनीपासून दहा मीटर उंचीवर, तीन सेकंद टिकणारा आणि सरासरी पन्नास वर्षांतून एकदा येणारा असा तो झोत असतो. ३९ मीटर म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. त्यात उंची, भोवतालचा प्रदेश, डोंगराचा चढ आणि बांधकामाचे महत्त्व यांचे गुणक लावून आराखड्याचा वेग ठरवतात.

वेग कळला की दाब काढायचा. सूत्र सोपे आहे : वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणावे, की चौरस मीटरवर किती न्यूटन दाब येतो ते मिळते. ३९ चा वर्ग १५२१. दाब सुमारे ९१३ न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ९३ किलो. ह्यातला 'वर्ग' हा शब्द विसरू नये. वारा दुप्पट झाला तर दाब चौपट होतो.

ह्यासाठीच मनोरा जाळीचा करतात. वाऱ्याला अडवण्यापेक्षा वाट दिलेली बरी. चौकोनी मनोऱ्याच्या एका बाजूचे चित्र काढले तर त्या चौकटीच्या क्षेत्रफळापैकी पंधरा-वीस टक्केच पोलादाने भरलेले असते. पण मागच्या बाजूच्या काठ्यांनाही वारा लागतो, म्हणून भरीव क्षेत्रफळाला मोठा गुणक लावावा लागतो. भरीवपणा वीस टक्के असताना, कोनी अँगलच्या चौकोनी मनोऱ्याला तो ३.३ आहे.

एक हिशेब

सोपे आकडे घेऊ. उंची ४० मीटर, पायथ्याशी चौरसाची बाजू ६ मीटर, एकूण वजन ७ टन. मनोऱ्याच्या अंगावर वाऱ्याचा जोर ७ टन धरू आणि तो १७ मीटर उंचीवर एकवटला आहे असे समजू. वर दोन डिशा आहेत. त्यांच्यावर १ टन जोर, ३८ मीटर उंचीवर.

उलथवणारा परिणाम झाला १७ × ७ = ११९ आणि ३८ × १ = ३८, मिळून १५७ टन-मीटर. वारा कोपऱ्याच्या दिशेने आला तर जोर आणखी वाढतो. मानक त्यासाठी १.२ चा गुणक देते. सोयीसाठी तो सगळ्यालाच लावू : सुमारे १८८ टन-मीटर. ह्या वेळी हा सगळा परिणाम समोरासमोरचे दोनच पाय पेलतात आणि त्यांच्यातले अंतर म्हणजे चौरसाचा कर्ण, ८.४९ मीटर. भागाकार केला की प्रत्येकी २२.२ टन येतात.

आता वजन पाहा. सात टनांचे चार भाग केले तर प्रत्येक पायाला पावणेदोन टन. म्हणजे वाऱ्याच्या पलीकडच्या पायावर जवळजवळ २४ टन दाब, आणि वाऱ्याकडच्या पायावर वजन वजा जाऊनही २०.४ टन ओढ, तीसुद्धा वरच्या दिशेने! वारा हा पाय जमिनीतून उपटू पाहतो.

म्हणून मनोऱ्याचा पाया दोन कामांचा असतो. तो एका वाऱ्यात खाली दाबला जातो, तर दुसऱ्यात वर ओढला जातो. काँक्रीटच्या एका घनमीटरचे वजन सुमारे २.४ टन. नुसत्या वजनाने २०.४ टन ओढ रोखायची तर साडेआठ घनमीटर काँक्रीट लागेल, आणि त्यात सुरक्षिततेसाठी काहीच शिल्लक नाही. खर्च वाचवण्यासाठी पायाचा तळ रुंद करतात, म्हणजे त्यावरची मातीही वजनाला येते. पण भरावाची माती थराथराने धुम्मस करून बसवली नसेल तर ती मदत करीत नाही. पावसाळ्यात पाणी पायाच्या वर आले तर काँक्रीटचे उपयोगी वजन घनमीटरला २.४ टनांवरून १.४ वर उतरते. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत आणि घाटमाथ्याच्या पावसात हे दोन्ही ध्यानात ठेवावे लागते.

वारा चारी दिशांनी येऊ शकतो, म्हणून आज ओढ असलेल्या पायावर उद्या दाब येणार. सबब मनोऱ्याचा प्रत्येक पाय दोन्हींसाठी तपासावा लागतो.

काठी तुटत नाही, वाकते

ओढीचे गणित सरळ आहे. दाबाचे तसे नाही. एक फूटपट्टी घ्या, टेबलावर उभी धरा आणि वरून तळहाताने दाबा. ती चुरडत नाही, मध्येच बाजूला बाक घेते. आता मित्राला सांगा की पट्टीच्या मध्याला दोन बोटांनी नुसते धरून ठेव. पुन्हा दाबा. आता ती कितीतरी जास्त दाब सोसते. मित्राच्या बोटांना मात्र जवळजवळ काहीच जोर लावावा लागत नाही.

ऑयलर ह्या गणितज्ञाने अठराव्या शतकात हा नियम मांडला : बारीक काठीची दाब सोसण्याची शक्ती तिच्या आधाराविना असलेल्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. लांबी निम्मी करा, शक्ती चौपट होते.

आपल्या मनोऱ्याच्या पायाला १०० × १०० × १० मिलिमीटरचा अँगल वापरला असे समजू. त्याचा सर्वांत दुबळा परिभ्रमण-त्रिज्येचा आकडा १९.४ मिलिमीटर आहे. दर दोन मीटरांवर आधार असेल तर लांबी भागिले त्रिज्या हे गुणोत्तर १०३ येते. पारेषण मनोऱ्यांच्या मानकात मुख्य पायांसाठी १२० ची मर्यादा आहे. तिच्यात हे बसते. ऑयलरच्या नियमाने ह्या पायाची शक्ती सुमारे ३६ टन भरते. प्रत्यक्षात ती काहीशी कमी धरावी. लागणारा दाब २४ टन. ठीक आहे.

आता मधला आधार काढा. लांबी चार मीटर, गुणोत्तर २०६. शक्ती उरली फक्त ९ टन!

हा मधला आधार देणाऱ्या बारीक अँगलांना आराखड्यात 'रिडंडंट' म्हणतात. शब्दकोशात ह्या शब्दाचा अर्थ 'अनावश्यक' असा मिळेल. सांध्यांवरच्या बलांचा हिशेब केला तर त्यांच्या वाट्याला शून्य येते, म्हणून हे नाव पडले. परंतु फूटपट्टी धरणाऱ्या मित्राची ती बोटे आहेत. त्यांच्यासाठी मुख्य पायातील दाबाच्या अडीच टक्के जोर धरण्याची पद्धत आहे. २४ टनांचे अडीच टक्के म्हणजे ६०० किलो. तक्त्यातले शून्य हे असे ६०० किलोंचे शून्य असते.

उभारणी

कारखान्यात अँगल कापून, भोके पाडून, त्यावर खुणेचे आकडे ठोकून मग जस्ताच्या वितळलेल्या कढईत बुडवतात. पाच मिलिमीटर व त्याहून जाड पोलादावर चौरस मीटरला किमान ६१० ग्रॅम जस्त चढावे असा नियम आहे. भोके आधी आणि जस्त मागाहून, हा क्रम महत्त्वाचा. जागेवर नवे भोक पाडले की तेथे जस्त उरत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो.

जागेवर प्रथम पायाचे खुंट, म्हणजे स्टब, टेंप्लेटच्या सांगाड्यात अचूक बसवून काँक्रीट ओततात. खाली दोन मिलिमीटरची चूक वर जाताना वाढत जाते. मग डेरिकच्या साह्याने एकेक तुकडा वर चढतो. दोर, पुली, विंच आणि खलाशी, ह्या चौघांवर सगळे काम. मनोरा उभा राहिल्यावर ओळंबा व थिओडोलाइट लावून तपासणी होते. प्रत्येक बोल्ट, प्रत्येक वॉशर, प्रत्येक काठी जागेवर आहे हे पाहून अभियंत्याने नोंदवहीत सही करायची असते.

आता त्या दुपारकडे येतो.

१९८३ सालचा मे महिना. घाटमाथ्यावरच्या एका टेकडीवर आमचा मायक्रोवेव्ह मनोरा उभा राहत होता. वरच्या हिशेबातले आकडे थोड्याफार फरकाने त्याचेच आहेत. मी शिकाऊ अभियंता होतो आणि मनोऱ्याचा आराखडा मला तोंडपाठ होता. खालून दुसऱ्या टप्प्यात, एका पायाच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी येणाऱ्या रिडंडंटची भोके जुळेनात. आमचे मुकादम वयाने माझ्या वडिलांएवढे. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणे. ते माझ्याकडे आले.

"साहेब, ह्या चार अँगलांची भोकं जुळंनात. बदली माल मागवावा लागंल. तवर काम थांबवू का?"

मी तक्ता उघडला, त्या काठ्यांच्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणालो, "मामा, ह्यांच्यात भार शून्य आहे. माल येईल तेव्हा बसवू. तुम्ही वर चला."

ते काही बोलले नाहीत. काम पुढे गेले. दहा दिवसांत मनोरा पुरा झाला. तपासणीच्या नोंदवहीत 'सर्व भाग जागेवर' ह्या ओळीपुढे मी सही केली. तेव्हा मी खालीच उभा होतो.

दोन दिवसांनी डिशा चढल्या. पाच खलाशी वर बोल्ट आवळत होते. दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेकडे आभाळ काळवंडले. मामांनी मान वर करून पाहिले आणि हाक दिली, "उतरा रे सगळे! हत्यारं राहू द्यात तितंच." खलाशांत बरेच जण कानडी बोलणारे होते, एकाने वरूनच ओरडून पुढच्याला सांगितले, "गाळी बंतू!" म्हणजे, वारा आला. शेवटचा माणूस जमिनीवर उतरल्यावर पंधरा मिनिटांच्या आत वळवाचा झोत टेकडीवर आदळला. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो. वारा दहा मिनिटे असेल, मग टपोरा पाऊस.

पाऊस ओसरल्यावर मामांनी मला हाताने धरून त्या पायापाशी नेले. लांबून काहीच कळत नव्हते. त्यांनी चार मीटर वर-खाली दोरी ताणून धरली. मध्यावर दोरी आणि अँगल यांच्यामध्ये दोन बोटे अंतर होते. पायाने बाक घेतला होता.

त्या रात्री मी कंदिलाच्या उजेडात हिशेब मांडला. वारा मोजायला आमच्याकडे साधन नव्हते, म्हणून ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर धरला. आराखड्याच्या ३९ मीटरपुढे हा काहीच नाही. २५ ला ३९ ने भागून वर्ग केला तर ०.४१. बावीस टनांचे होतात नऊ. त्यात वजनाचे पावणेदोन मिळवले की जवळजवळ अकरा टन. आणि आधार काढलेल्या त्या पायाची शक्ती नऊ टन. पूर्ण मनोरा ज्याच्या दुप्पट दाब सहज सोसेल अशा वाऱ्यात अर्धवट मनोऱ्याचा पाय वाकला होता. झोत आणखी थोडा टिकला असता तर? आणि पंधरा मिनिटे आधी आला असता तर? त्या पाच जणांची नावे मला आजही आठवतात.

सकाळी मी वरिष्ठांना खरे ते लिहून कळवले. डिशा उतरवून, मनोऱ्याला चारी बाजूंनी तारांचा ताण देऊन तो पाय बदलण्यात अठरा दिवस गेले. मामांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त बदली आलेला रिडंडंट हातात घेऊन म्हणाले, "साहेब, भार शून्य म्हणून कंपनीनं हे फुकट पाठवलं असतील व्हय?"

मोठ्यांचीही तीच गत

माझी गोष्ट लहान मनोऱ्याची. पण अपुऱ्या अवस्थेतील धोका मोठ्या बांधकामांनाही चुकत नाही. पोलंडमध्ये कोन्स्टान्टिनोव्ह येथे १९७४ साली पुरा झालेला रेडिओ मास्ट ६४६ मीटर उंच होता. त्या काळी जगात त्याहून उंच असे मानवाने बांधलेले काहीच नव्हते. तो स्वतःच्या पायांवर नव्हे, तर चहूबाजूंनी ताणलेल्या पोलादी दोरांवर उभा होता. ८ ऑगस्ट १९९१ रोजी, वादळ नसताना, हे दोर बदलण्याचे काम चालू असता तो कोसळला. पूर्ण अवस्थेत सतरा वर्षे वारे सोसलेला मास्ट, आधार थोडा वेळ इकडचा तिकडे होताच गेला. आराखडा पुरा झालेल्या मनोऱ्याचा असतो. मनोरा मात्र रोज वेगळ्या अवस्थेत असतो, आणि त्या प्रत्येक अवस्थेचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

आजच्या मोबाइल मनोऱ्यांबाबत हाच धोका उलट बाजूने येतो. तेथे काही काढले जात नाही, वाढवले जाते. एकाच मनोऱ्यावर एकाहून अधिक कंपन्यांचे अँटेना चढतात. अँटेना हलका असतो, म्हणून कोणाला काही वाटत नाही. पण वाऱ्याला त्याचे वजन कळत नाही, क्षेत्रफळ कळते. आपल्या मनोऱ्यावर ३८ मीटर उंचीवर ३०० किलो जोर घेणारा आणखी एक अँटेना लावला तर पायातील दाब १.६ टनांनी वाढतो, म्हणजे पाचपटीहून जास्त. इमारतीच्या गच्चीवर मनोरा असेल तर हा भार खालच्या तुळयांनाही विचारूनच चढवला पाहिजे.

डिशांच्या बाबतीत आणखी एक बंधन असते. तीन मीटर व्यासाच्या डिशेतून सहा गिगाहर्ट्झला निघणारी शलाका जेमतेम एका अंशाहून थोडी रुंद असते. चाळीस किलोमीटरवर एक अंश म्हणजे सातशे मीटर. मनोरा न पडता नुसता पिळला, तरी समोरचे ठाणे शलाकेच्या बाहेर जाते. म्हणून ताकदीबरोबर ताठपणाही तपासावा लागतो, आणि तेथेही ह्या बारीक काठ्याच उपयोगी येतात.

ह्या पाठाचे सार थोडक्यात असे. मनोऱ्याला वजन पाडत नाही, वारा पाडतो. पाय दाबासाठी आणि ओढीसाठी, दोन्हींसाठी हवा. दाबातली काठी ताकदीवर कमी आणि आधारावर अधिक उभी असते. म्हणून तक्त्यात शून्य दिसले तर ती काठी कशाला धरून आहे हे आधी पाहावे.

पुढे तुमच्यापैकी काही जण अशा जागी जातील. तुमच्या हातात तक्ता असेल आणि समोर एखादे मामा उभे असतील. ते "थांबवू का?" असे विचारतील, तेव्हा उत्तर देण्याआधी थोडे थांबा. नोंदवहीत सही करण्यापूर्वी पट्टा बांधून वर चढा आणि काठ्या हाताने मोजा. तुम्ही खाली उभे राहून केलेल्या सहीच्या भरवशावर कुणीतरी वर बोल्ट आवळत असतो.